शंभर अक्षरांची ओळ

तोर्शहावनच्या बंदरावर, मासळीच्या जुन्या गोदामात, वरच्या मजल्यावर
आम्ही चौघं नऊ दिवस भांडलो,
दोन स्पेस की चार.

एयून म्हणाला, चार. डोळे म्हातारे होतात.
रान्वा म्हणाली, दोन. कप्तानाचा पडदा तळहाताएवढा,
त्यात अर्धा समासच सोडलात
तर वाचायचं काय, कपाळ?
टॉर्मो टॅबवाला. तो वादात पडलाच नाही.
नुसता टॅब दाबत राहिला,
अबोला धरलेल्या माणसाने
भांडी जरा मोठ्याने ठेवावीत तसा.

कंस ओळीच्या शेवटी उघडायचा
की खाली, एकटा, स्वतःच्या ओळीवर
यावर गुरुवारचे बटाटे थंड झाले.

बाहेर वारा.
फेरी आज सुटणार की नाही
हे आमचा कोड ठरवतो,
आणि तो, एयूनच्या शब्दांत,
पाच जणांनी पाच सुयांनी विणलेला स्वेटर आहे.

दहाव्या दिवशी दमून ठरलं.
चार स्पेस.
ओळ शंभर अक्षरांची, त्यापुढे मोडायची.
नावं पूर्ण लिहायची, 'वा' नाही, 'वारा'.
आणि कॉमेंटमध्ये काय ते नको, का ते लिहा.
'एक मिळवा'शेजारी 'इथे एक मिळवला' लिहिणं म्हणजे
दारावर 'दार' अशी पाटी लावणं,
हे रान्वाचं.

रात्री मी हत्यार चालवलं.
अकरा हजार ओळी, चार सेकंद.
सकाळी प्रत्येक ओळीपुढे
शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव: माझं.
न पेरलेली जमीन सातबाऱ्यावर चढावी
तशा त्या सगळ्या माझ्या नावावर,
कधी वाचल्याही नव्हत्या अशासुद्धा.
हानुसच्याही.

हानुस मार्चमध्ये गेला.
मी खाली खाली सरकत त्याला शोधत राहिले.
कुठेच नव्हता. फक्त एका ठिकाणी,
जिथे वारा आग्नेयेचा आणि सतराच्या वर गेला
की छोट्या बेटाची फेरी रद्द होते,
तिथे त्याची कॉमेंट:
का ते हानुसला विचारा.

नियमाने पाहिलं तर चूक.
कारण मागावं आणि माणसाचं नाव हाती यावं.
आम्ही पडद्याकडे बघत बसलो.
मग टॉर्मो बोलला, त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य:
विचारूया मग.

मार्यूनने फोन उचलला. रेडिओ बारीक केला.
सतरा? हो, सतरा.
आमच्या धक्क्याच्या टोकाशी, पाण्याखाली, खडक आहे.
आग्नेयेचा वारा लाट त्यावर आपटतो, ती परत फिरते,
आणि बोट बांधणाऱ्याला वाटतं, आता दोरी सैल आहे.
माझ्या दिराची तीन बोटं गेली तिथे.
अठरा होता वारा त्या दिवशी.
हानुसने एक हातचा ठेवला, एवढंच.
आणि काही हवंय का?

नको म्हणाले. मग उगीचच म्हणाले, तुम्ही कशा आहात.
म्हणाली, वारा आहे.

मी लिहिलं: खडक, परतीची लाट, सैल वाटणारी दोरी.
बोटांचं लिहिलं नाही.
मागे उभा एयून म्हणाला, लिही.
लिहिलं.
शेवटी 'हानुस' राहू दिलं.
नाव नको असं नियमात कुठे आहे?
रान्वाने नियम पुन्हा वाचले. नव्हतं.

ओळ एकशे तीन अक्षरांची झाली.
हत्याराने ती मोडली, शंभराच्या अलीकडे,
जिथे पहिली मोकळी जागा मिळाली तिथे,
आणि शेवटचा शब्द खाली पडला,
चार स्पेस सोडून, एकटा.

कुणी वर ओढला नाही.

दुपारी वारा नैर्ऋत्येचा, एकोणीस.
फेरी सुटली.
टॉर्मो अजूनही टॅबच दाबतो.
हत्यार त्याचे गुपचूप चार स्पेस करतं,
आणि दोघंही एकमेकांना काही म्हणत नाहीत.