झाकण उघडून अर्धा तास

दुपारपासून ब्रेकर तीनदा पडला.
चौथ्यांदा घ्यायचा नाही,
हे सबस्टेशनच्या पाटीवर लिहिलंय,
आणि कोहळेकाकांच्या भुवयांवरही,
ज्या एकोणीस वर्षांत परत उगवल्या नाहीत.

लाइन कापली. अर्थिंगचा दांडा टेकवला.
टक्. एवढाच आवाज.
मी पाना लावला तर काका म्हणाले,
"थांब वं पोरी. तेल थंड दिसते,
पन पोटात काय रांधलं तेनं, तुले दिसते काय?"

मला तेल म्हणजे थंडावाच वाटायचा,
आईनं टाळूवर थापलेला.
आत ठिणगी पडली की ते ती गिळतं,
आणि गिळलेलं
झाकणाखाली वायू होऊन बसतं,
हवेची वाट पाहत.

एकेक बोल्ट अर्धा आटा, पितळी पान्यानं.
चौथ्या बोल्टाला वास आला
बस स्टँडामागच्या वेल्डिंगच्या दुकानातला,
लसूण जळल्यागत.
काकांनी माचीस काढली,
फाटकाबाहेर बोरीखाली नेऊन ठेवली,
माझा मोबाइल तिच्याशेजारी.
झाकण सरकवलं, आणि आम्ही दूर
वाऱ्याच्या अंगाला जाऊन बसलो.

मोबाइल मातीत थरथरत राहिला.
लाइन कवा देता बाप्पा?
हरबऱ्याले पानी आहे, रात्रीची पाळी आहे,
झोपले काय सारे?
त्यात एक माझा सख्खा भाऊ.

"माणिक होता संगं," काका म्हणाले.
"तेल किती काळं झालं पाहाले
त्यानं आत बल्ब सोडला."
पुढचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं.
मीही मागितलं नाही.
तारेवर कोतवाल बसला होता, उडाला, पुन्हा बसला.
अर्धा तास केवढा असतो,
हे पगारात कळत नाही.

मग तेल काढलं. डांबरासारखं.
तळाशी काजळी, आणि तांब्याचा एक थेंब
वितळून गोठलेला.
नवं भरेस्तोवर नऊ वाजले.

वरखेडकडे एकेक मोटर खोकली, लागली.
भावाचा मेसेज: एवढा टाइम काऊन?
मी लिहिलं: तेल बदललं.
लॉगबुकात कारणाचा रकाना बोटभर रुंद.
त्यात लिहिलं: थांबलो.

काका फाटकाबाहेर गेले.
बोरीखालची माचीस उचलली, बिडी ओठांत धरली,
आणि काडी ओढायच्या आधी
एकदा हवा हुंगली.