न दिसणाऱ्या जाळासाठी

सुलेविकच्या धक्क्यावर, कॉफी गार होईपर्यंत,
सोल्व्हाइग कॅटलॉग चाळत बसली.
पहिला डोळा नावाजलेला,
तेलाच्या फलाटांवर वीस वर्षं राबलेला.
पण त्याला ओळख कोळशाच्या कुळाची,
कार्बन जळला तरच जागा होतो.
इथे फेरीबोटीत भरतात हायड्रोजन.
ना धूर, ना काजळी, ना पिवळी जीभ.
पुरुषभर जाळ उभा राहिला समोर
तरी हा म्हणेल, सगळं ठीक.

दुसरा अतिनील पाहतो. जरा जास्तच पाहतो.
शेजारच्या गोदीत राग्नवाल्ड वेल्डिंगला बसला
की हा बोंब ठोकणार,
आणि काचेवर खारट, तेलकट पापुद्रा धरला
की खऱ्या आगीलाही गप्प.

जूनमध्ये इथे सूर्य मावळत नाही.
अंधार असता तर निदान फिकट निळं काही

"आम्ही केरसुणी धरायचो," म्हातारा ओड्डवार म्हणाला,
"लांब दांड्याची. पुढे करत करत चालायचं.
पेटली, की तिथेच थांबायचं."
त्याच्या डाव्या भुवईला केस नाहीत.
त्याबद्दल तो काही बोलला नाही.

तिने तिसऱ्यावर खूण केली,
जो ज्वाळेतली तापलेली वाफ शोधतो,
तिचं थरथरणं मोजतो.
शेवटी पाणीच होतं म्हणा त्या आगीचं.
किती मीटरवरून, किती अंशांत,
बर्फ धरू नये म्हणून काचेला ऊब,
सगळं फॉर्मवर नीट लिहिलं.

आणि 'इतर' लिहिलेल्या रकान्यात,
केरसुणी, नग एक.
दांडा लांब.