पाठची

सहा वर्षं आईच्या पाठीवर होती ती.
माझ्या पाठची बहीण,
आणि खरोखरच पाठची:
म्बेरेकोच्या विटक्या कापडात करकचून बांधलेली,
टाचा आखडलेल्या, मान डावीकडे कललेली.
सकुब्वाच्या बाजारात आई टोमॅटोचे ढीग लावायची
तेव्हा तिच्या खांद्यावर
लाळेचा एक ओला डाग, रोज नव्या आकाराचा.

वाटेतच जन्मली. ट्रकचं टायर बसलं होतं
आणि मुटारेचा दवाखाना अजून टेकडीपलीकडे.
म्हणून नाव चेंझिरा, वाटेवरची.
रडायला तिनं वेळ लावला.
तेवढ्या वेळात काय घडलं
ते नर्सनं पुढे कार्डावर दोन शब्दांत लिहिलं:
सेरेब्रल पाल्सी.
बाजारातल्या बायकांनी तेच पुष्कळ शब्दांत सांगितलं.
आईनं कार्ड तेवढं जपून ठेवलं.

आधी आईला माझ्या नावानं हाक मारत,
माई गारिकाइ.
ती माई चेंझिरा केव्हा झाली, आठवत नाही.
मी भांडलो नाही.
जुनी हाक खिशात टाकली, गोट्यांबरोबर.

गुरुवारी केंद्रात चटयांवर आया बसायच्या रांगेनं.
मुचेना बाई एकेक गुडघा हळूहळू सोडवायच्या,
गाठ मारलेली दोरी सोडवावी तसा,
नखं न लावता.
एकदा म्हणाल्या, हिला बसवू या.
रद्दी आणा. आणि पीठ.

खायचं पीठ खुर्चीला?
रविवारी जोहान्सबर्गहून बाबांचा फोन आला,
ते बराच वेळ गप्प,
बॅलन्स जळत राहिला.
मग म्हणाले, किती लागेल?

वर्तमानपत्रं, सिमेंटच्या पिशव्या, चर्चची पत्रकं,
खळीत बुडवून थरावर थर.
माझाही हातभार: गणिताचा पेपर,
शंभरात एकोणीस.
डाव्या हाताच्या आत आहे तो, सातव्या थरात.
आईला अजून माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हात वाळत असताना
शेजारच्या मुटासांच्या शेळीनं
पाय ठेवायची फळी खाऊन टाकली.
चेंझिरा शेजारीच चटईवर होती.
तिचं सगळं अंग ताठलं, घशातून आवाज,
आम्हाला वाटलं कळ आली.
मुचेना बाई म्हणाल्या, अरे, हसतेय ती.
मग आम्ही सहा वर्षं मागे जाऊन
तिच्या एकेक कळा आठवू लागलो.

फळी पुन्हा केली. वॉर्निश लावलं.
पट्टा बांधून तिला बसवलं तेव्हा
खोलीत कुणी बोलेना.
खालून पाहून पाहून
तिला आमच्या नाकपुड्या ठाऊक होत्या,
आणि आईची मान तर पाठच होती.
तोंड नव्हतं.
आईकडे ती बघत राहिली,
कुणी पाहुणी आल्यासारखी,
आणि भोकाड पसरलं.

आई पुढ्यात बसली. सदझाचा घास मळला,
बोलली काहीतरी.
आवाज ओळखीचा निघाला.
घास निम्मा आत, निम्मा पट्ट्यावर.

आमच्या शोना भाषेत बसणं आणि राहणं
एकच क्रियापद आहे, गारा.
माझ्या नावातही तेच.
शाळेत हे शिकवत नाहीत,
किंवा त्या दिवशी मी गेलो नसेन.

संध्याकाळी आई नळावर गेली
दोन्ही हात मोकळे,
तरी वाकलेलीच,
कमरेला कापड बांधलेलं, आत कुणी नाही.
दोनदा थांबून तिनं हात मागे नेला.
बादली भरायला विसरून परत आली.

वर्षभरात ही खुर्ची तोकडी पडेल,
बाईंनी आधीच सांगितलंय.
रद्दी साठवायला लागलोय.

परवा घरात कुणी नव्हतं,
फक्त ती, पट्ट्यात, माझ्याकडे तोंड करून.
मी तिच्या डाव्या हाताशी बसलो,
कोपर टेकलं, सगळा भार दिला.
एकोणीस गुण.
जरासुद्धा हलले नाहीत.