काहीही लिहू नका

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
इम्तियाज नाखव्यांनी डिस्क आधी कानाशी धरली,
मग वायर लावली.
"खडखड नाही. फिरतेय नीट.
फक्त वाटणीचा तक्ता गेलाय.
जमीन जागेवर आहे, बाई,
सातबारा तेवढा फाटलाय."

आणि एकच पथ्य सांगितलं:
हिच्यावर आता काहीही लिहू नका.
नवं एक अक्षर पडलं
तर खालचं जुनं कायमचं गेलं.
चोवीस वर्षं खेतवाडीत
लग्नपत्रिका जुळवणाऱ्या बाईला
हे सांगितलं त्यांनी.

शलाका आणि मी. एक गाळा, एकच कॉम्प्युटर.
सी माझं, डी तिचं.
मधली भिंत कुणी पाहिली नव्हती,
तरी चुकूनसुद्धा
तिच्या बाजूला मी फाइल ठेवली नाही.
मग ती पाचशे पत्रिकांची भानगड:
आधीच्या पत्रिकेतला 'कै.'
या वधूच्या वडिलांना चिकटून राहिला.
गठ्ठे न्यायला ते स्वतःच आले होते.
तू जुळवलीस.
नाही, तू.
आषाढ लागायच्या आत तिनं आपली खुर्ची नेली.

तीन दिवस पट्टी सरकत होती.
मी फोन करायचे, वाचतेय का?
"वाचतेय," ते म्हणायचे,
आणि मला कळायचं नाही
अक्षरं वाचतेय म्हणतात
की जीव.

चौथ्या दिवशी सगळं आलं, बिननावाचं.
तारखा गेलेल्या, फाइलींना नुसते आकडे,
उघडाल ते निघेल:
बारसं, वास्तुशांत, कुणाचं तेरावं,
सोंडेची दिशा बदलून ठेवलेले सत्तर गणपती.
आमचा जुना फाँट त्यांच्याकडे नव्हता,
म्हणून काही नवऱ्या
नुसत्या कंसांच्या आणि टक्क्यांच्या.
आणि ती. आमची ती.
चित्र करून ठेवलेली, म्हणून स्वच्छ,
'कै.' सकट.

"ही सीमधली की डीमधली?"
नाखव्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"तक्ताच नाही, बाई. सांगणार कोण?
सगळं एकाच ढिगात आलंय."

साडेसहा हजार मोजले.
नव्या डिस्कचं पाकीट फाडत त्यांनी विचारलं,
"भाग किती पाडू?"

म्हटलं, थांबा जरा.

शलाकाचा नंबर मी कुठेच लिहिला नव्हता.
पाठ आहे.