नववं ग्रीन, दव झाडताना

पहाटे पाचला लांब बांबू घेऊन मी नवव्या ग्रीनवर.
आडवा धरायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचा,
दव उडतं, गवताचा रंग बदलतो,
मागे उरतो माझ्याच पावलांचा काळपट माग.
लोहगावातून पहिलं विमान उठेपर्यंत
अर्धं ग्रीन झालेलं असतं.
सातपर्यंत हे मैदान माझं आणि टिटव्यांचं.

खेळाबद्दल मला कुणी विचारत नाही.
पण येरवड्यातल्या माळ्यालाही कान असतात.

सुहृद लिमये, खराडीच्या कंपनीतला,
स्वतःचा स्विंग मोबाइलवर हळू करून बघतो,
थांबवतो, बोटांनी मोठा करतो:
खांदा आधी वळला, कंबर उशिरा.
रात्री दोनला उठून पाहिलेल्या कुणा परदेशी पोराचं कोपर
त्याला आपल्या कोपरात बसवायचंय.
चेंडू तरीही उजवीकडे, सुबाभळीत.
बॅग उचलताना इलाही पुटपुटतो,
"कोपर ठीक आहे साहेब, श्वास धरू नका."
कॅडीचा सल्ला. फुकटचा. वाऱ्यावर जातो.

खंबाटाबाईंना राग टूरचा.
"पैसा दिसला की पळाले सगळे नव्या टूरवर!
कट नाही म्हणजे घरी जायची भीती नाही,
भीती नाही तर मग पटिंग कसलं?
आणि वर गाणी लावतात, लग्नासारखी!"
सुहृद म्हणतो, "बाई, तुम्हीही घेतला असतात चेक."
त्या छत्रीच्या टोकाने वाळू उकरतात.
"घेतला असता, डिकरा. म्हणून तर राग येतोय."

कर्नल निंबकर मात्र फक्त रीतीचं बोलतात.
दुसऱ्याच्या रेषेवर आपली सावली नको.
बंकरमधली पावलं आपणच पुसायची,
तिथे गेलोच नव्हतो अशी.
वाईट खेळलात तर चालेल, वाईट वागलात तर नाही.
एकदा ऐन बॅकस्विंगमध्ये सुखोई डोक्यावरून गेलं,
त्यांनी वर असं पाहिलं
की वैमानिकाने उतरून माफी मागावी.

मार्गशीर्षातला मंगळवार.
डाव्या रफमध्ये, शिरीषाच्या मुळाला टेकलेला त्यांचा चेंडू.
मी झाडामागे पाइप जोडत होतो.
त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं,
आणि बुटाचं टोक.
फार नाही. वीतभर.
मान वर केली तर समोर मी.
मी पाइपाकडे पाहू लागलो.
पाणी येत नव्हतं, तरी पाहत राहिलो.

चेंडू झेंड्यापासून दोन हातांवर पडला, झकास.
बाईंनी टाळ्या वाजवल्या.
कर्नल टोपी नीट करत बसले.

घरी बायकोलाही मी बोललो नाही.
सांगणार काय? वीतभर.

दुसऱ्या दिवशी पाचला, धुक्यात,
नवव्यावर काहीतरी बसलेलं. वाटलं कुत्रं.
कर्नल. गुडघ्यांवर. हातात दोन दातांचा काटा.
चेंडूंनी पाडलेले खळगे कडेने आत लोटत, थोपटत,
स्वतःचे, परक्यांचे,
कंटाळून मी सोडून दिलेलेसुद्धा.
पँट गुडघ्यावर भिजलेली.
"घारे, तुमचं दव मोडलं मी," मान खालीच.
"असू द्या," म्हटलं,
आणि त्यांच्या भोवतीनं बांबू फिरवायला लागलो.

थोड्या वेळाने:
"हा स्विंग कुणी शिकवला?"
कुणी नाही. जोर लावला की टोक जमिनीत अडतं,
भ्यालं की दव तसंच राहतं.
"हं," म्हणाले, आणि पुढच्या खळग्याकडे सरकले,
लहान मूल रांगतं तसे, पण सावकाश.

मंगळवारच्या कार्डावर नवव्यापुढे काय लिहिलंय,
चार की आणखी काही,
मी पाहिलेलं नाही.
विमान उठलं.
आम्ही दोघांनीही वर बघितलं नाही.