दुसरी दांडी

कानाकला पहिल्यांदा आले तेव्हा ड्रिलला दोन दांड्या होत्या,
पिळाच्या, एकेक मीटरच्या.
एक बुडाली की दुसरी जोडायची, खिट्टी ठोकायची
आणि खांदे भरून येईतो फिरवत राहायचं.
मग कधीतरी खालून काळं पाणी उसळायचं
आणि पाडलोक म्हणायचा, "घे, आला समुद्र."

मी लिहायचे : भोक चौथं. एक मीटर चौऱ्याऐंशी.
वर भुसभुशीत बर्फ एकवीस सेंटीमीटर. हवा उणे सव्वीस.
पेनातली शाई गोठते, म्हणून पेन्सिल,
दोऱ्यानं गळ्यात बांधलेली, शाळकरी पोरासारखी.

टेपच्या टोकाला पितळेची पट्टी असते.
ती उभी आत जाते, तळाशी पोचली की आडवी होते,
वर ओढली की बर्फाच्या पोटाला अडकते.
या अडकण्याला आमच्या अहवालात शब्द नाही.
हाताला मात्र कळतं,
ठाव लागला.

सातशे किलोमीटर वरून एक यंत्र जातं.
पाण्याच्या वर जेवढा बर्फ उचललेला, तेवढाच त्याला दिसतो,
बोटभर, फार तर वीतभर.
बुडालेलं सगळं आम्ही हिशेबानं काढतो.
एक हिस्सा नजर, नऊ हिस्से अंदाज,
आणि तो एक हिस्सा तरी खरा का
हे बघायला मी गुडघे टेकून
भोकात वाकलेली.

"तुमच्याकडे बर्फाला खूप शब्द असतील ना?"
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं. असलं विचारायचंच वय ते.
पाडलोक कुत्र्यांना गोठलेला मासा कुऱ्हाडीनं तोडून टाकत होता.
"दोन," म्हणाला.
"चालतं.
चालत नाही."

सहाव्या एप्रिलात दुसरी दांडी तीनदाच लागली.
नवव्यात एकदाही नाही,
तरी स्लेजवर असायची, कातड्याच्या पट्ट्यानं आवळलेली.
उगाच ओझं, असं कुणी म्हणालं नाही.
पुढच्या वर्षी ती कुठे राहिली
तेही कुणी विचारलं नाही.

या खेपेला बेटापर्यंत वीस भोकं ठरली होती.
तेराव्याला बासष्ट सेंटीमीटर.
पुढचं कुत्रं, तुलुगाक, बसलं. कान मागे.
पाडलोकनं लोखंडी टोकाची काठी मारली,
एकदा : भरीव.
दोन पावलं पुढे, पुन्हा : मडकं वाजवावं तसं.
तिसऱ्यांदा मारलीच नाही.
मी म्हटलं, तक्त्यात बासष्ट पुरेसे आहेत, दुपटीनं पुरेसे.
"मग तक्त्याला बसव स्लेजवर,
आम्ही मागून येतो."

वळलो.
दुसऱ्या दिवशी तिथं पाणी उघडलं का?
ठाऊक नाही. बघायला कुणी गेलं नाही.

रात्रभर न मावळणाऱ्या उजेडात वही घेऊन बसले.
भोक चौदा ते वीस, सात रकाने.
पहिल्यात लिहिलं, कुत्रं नको म्हणालं.
खोडलं. लिहिलं, मोजलं नाही.
ट्रॉम्सोहून विचारतील : का?
कागदावर खोडलेलं तिरपं धरलं की अजून वाचता येतं.

निघायच्या दिवशी पाडलोककडे कॉफी.
ओसरीत, दोन खुंट्यांवर आडवी,
दांडी.
तिच्या पिळापिळावर हॅलिबटच्या पट्ट्या वाळत घातलेल्या,
तेलानं पोलाद मऊसर चमकणारं.
इतकी चकचकीत ती माझ्याकडे कधी नव्हती.

सून आर्नाक दारात थबकली. "ही तुमची ना? हवीय परत?"

"असू दे," मी म्हटलं. "लागली तर नेईन."

कुणी हसलं नाही.
पाडलोक खिडकीबाहेर कुत्री मोजत होता, एकदा मोजून झालेली.
आर्नाकनं सुरी पुसली
आणि मधल्या एका रिकाम्या पिळावर
आणखी एक पट्टी अडकवली.