शेळी सोडली का

पान दोनशे बाराच्या समासात
तांबोळी सरांची लाल पेन्सिल:
"या मुलखात विहीरच नाही.
मग आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
हे ही बाई कुठे शिकली?"

बरोबर होतं.
माझ्या मुलखात पाणी वरून पडत नाही, खाली साठत नाही.
पहाटे जमिनीतून वाफेसारखं उठतं,
लोक ते कापडांत धरतात, पिळून पितात.
तीन वर्षं रचत होते, धनकवडीच्या दोन खोल्यांत:
कापडांचे सोळा प्रकार, पिळण्यावरचा कर,
कोरड्या घराण्यांची वंशावळ,
आणि बाईच्या तोंडी दिला आमचा पोहरा.
पुढे एकाने अडला हरी म्हणून गाढवाचे पाय धरले होते.
तिथे समासात नुसतं:
"हरी? गाढव?"

मग बसले म्हणी करायला.
फाटक्या चादरीला पहाट आधी कळते.
ज्याचं सूत पातळ, त्याची तहान जाड.
अशा चाळीस, एका रविवारात.

अप्पा बळवंत चौकात, छापखान्याच्या पोटमाळ्यावर
सरांनी त्या वाचल्या, चहाची बशी कागदावर ठेवून.
म्हणाले, "छान आहेत. कॅलेंडरवर चालतील.
म्हण अशी अंघोळ करून येत नाही हो.
कुणाचं तरी तोंड पोळलेलं असतं तिच्यात,
आणि बाकीचे हसलेले असतात."

मग पेन्सिलीला टोक करत, माझ्याकडे न बघता:
"आमच्यात कुणी बाहेर निघालं की विचारतात,
शेळी सोडली का.
म्हणजे गॅस बंद केला का, नळ बघितला का.
नातूसुद्धा विचारतो. कोंढव्यात, सहाव्या मजल्यावर.
पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा.
अब्बांनी तराजू उचलला, अम्मीने धाकटीला,
मी दप्तर.
पर्वतीच्या निम्म्या पायऱ्या चढल्यावर अम्मीने विचारलं.
दोरी सोडायचं काम माझं होतं."
टोक मोडलं.
त्यांनी पुन्हा केलं.

त्या रात्री चाळीसच्या चाळीस खोडल्या.
एक म्हातारी आणून बसवली, गोष्टीच्या तीनशे वर्षं आधी,
जिने पाहुणा दारात असताना
भिजलेलं कापड उतरंडीमागे लपवलं.
तो उंबऱ्यावरच गेला.
तिचं नाव सवणी ठेवलं.
तिच्या लाजेला तीन आठवडे दिले
आणि त्यातलं अक्षरही पुस्तकात घेतलं नाही.
शेजारपाजारची पोरं तिच्यावर हसली,
त्यांची पोरं कशाला हसायचं ते विसरली,
आणि त्यापुढच्यांना ते शहाणपण वाटलं.
आता पान दोनशे बारावर, भर बाजारात
बाई लेकीला बजावते:
पाहुणा गेला का बघ, मग पीळ.

सर इथवर आले. आधी नाकातून हसले.
"हे पुण्याचंच आहे," म्हणाले.
मग हसू मधेच कुठेतरी अडलं.
"कोण मेलं होतं?"

मी सांगितलं नाही.
त्यांनी समासात काही लिहिलं नाही,
फक्त पूर्णविराम जरा ठळक केला.

निघताना कुलूप लावलं, ओढून बघितलं.
लाकडी जिन्याच्या चार पायऱ्या उतरले, थांबले,
खिसे चाचपू लागले.
खाली पुस्तकांचे गठ्ठे टेम्पोत चढत होते,
मागे हॉर्नची रांग.
मी म्हटलं, शेळी?
"तुम्ही व्हा पुढे," म्हणाले,
आणि पुन्हा वर गेले
बघायला.